वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील काउंटी शेरिफ आणि त्यांची विशेष पथके

अमेरिकेतील स्थानिक पोलीस व्यवस्थेविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे, ज्यांची मुले, सुना आणि नातवंडे तिकडे राहतात अशा घरांतून आली आहेत. शेरिफच्या, म्हणजे काउंटीच्या (साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयात निरनिराळी पथके कशासाठी असतात आणि प्रसंग पडल्यास आपल्या माणसाच्या दारात नेमके कोण येऊन उभे राहील, असा त्यांतील बहुतेकांचा रोख आहे. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियातील डब्लिन शहरात राहतो. तेथील गाडीवर ‘डब्लिन पोलीस’ असे लिहिलेले असते, परंतु आत बसलेला अधिकारी शेरिफचा माणूस असतो, असे तो सांगतो. हा काय प्रकार आहे? शेरिफ मुंबईलाही असतात, पण त्यांच्याकडे पोलीस नसतात. (कोथरूड, पुणे)

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. डब्लिन हे अलामीडा काउंटीतील शहर आहे. त्याने स्वतःचे वेगळे पोलीस दल उभारलेले नाही. काउंटीच्या शेरिफशी करार करून, ठरलेला मोबदला देऊन त्यांचेच अधिकारी, म्हणजे डेप्युटी, घेतले आहेत. त्याच काउंटीतील फ्रेमाँट शहराचे मात्र स्वतःचे पोलीस दल आहे. कराराच्या या पद्धतीला ठळक रूप आले ते लॉस एंजेलिस काउंटीतील लेकवुड या शहरामुळे. १९५४ साली ते शहर स्थापन झाले आणि त्याने पोलीस, रस्ते यांसारख्या सेवा काउंटीकडूनच विकत घेण्याचे ठरवले. आज त्या एका काउंटीत चाळीसहून अधिक शहरे शेरिफच्या दलावर अवलंबून आहेत.

मुंबईचे शेरिफ, म्हणजे नगरपाल, हे एका वर्षासाठी दिले जाणारे मानाचे पद आहे. तरीही उच्च न्यायालयाच्या हुकमांची बजावणी करणे, उदाहरणार्थ बंदरात उभ्या असलेल्या जहाजाच्या अटकेचे वॉरंट बजावणे, हे काम त्या कार्यालयाकडे अजून आहे. दोन्ही पदांचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. अमेरिकेत मात्र हे पद बहुतेक राज्यांत लोकांच्या मतांनी भरले जाते आणि त्याच्याकडे साधारणपणे तीन मोठी कामे असतात : ज्या भागाला स्वतःचे पोलीस नाहीत तेथे गस्त व तपास, काउंटीचा तुरुंग चालवणे, आणि न्यायालयाचा बंदोबस्त व हुकमांची बजावणी. विशेष पथके या तिन्ही कामांतून निर्माण होतात, हे ध्यानात घ्यावे, कारण बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर येते ते केवळ बंदूकधारी पथक, आणि तुरुंगात किंवा न्यायालयात राबणारी पथके त्याला दिसतच नाहीत.

प्रश्न : मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. आपल्याकडे जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली स्थानिक गुन्हे शाखा, श्वान पथक, बॉम्बशोधक व नाशक पथक, दंगल नियंत्रण पथक असते. गडचिरोलीत तर १९९० पासून सी-६० आहे. शेरिफकडे असे काय असते, आणि ‘स्वॉट’ला केव्हा बोलावतात? (नाशिक)

उत्तर : आपण दिलेली तुलना उपयोगी आहे, पण एक फरक आरंभीच सांगितला पाहिजे. आपल्या जिल्ह्याच्या अधीक्षकांना कमी पडले तर राज्याची यंत्रणा, राज्य राखीव पोलीस दल आणि वरिष्ठ अधिकारी एकाच साखळीतून मदतीला येतात. शेरिफ हा अशा साखळीतला अधिकारी नव्हे. त्याचे मनुष्यबळ आणि त्याचा पैसा काउंटीच्या कुवतीवर ठरतो. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंटी आहेत. लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या सुमारे एक कोटी आहे, तर काही काउंटींत काही हजार माणसेसुद्धा नाहीत. त्यामुळे एका ठिकाणी स्वतःची हेलिकॉप्टरे, पाणबुडे आणि बॉम्बतज्ज्ञ असतात, तर दुसऱ्या ठिकाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके डेप्युटीच गस्त घालतात, तेच तपास करतात आणि तेच तुरुंगाच्या किल्ल्याही सांभाळतात. लहान काउंटी मग शेजाऱ्यांशी लेखी करार करून संयुक्त पथक उभारतात. अशा पथकातील माणसे एरवी गस्तीवर किंवा तुरुंगात नेमलेली असतात. सरावापुरती आणि प्रसंगापुरतीच ती एकत्र येतात.

स्वॉट, म्हणजे विशेष शस्त्रे व डावपेच यांचे पथक, हे शेरिफच्या पथकांतील सर्वांत परिचित नाव. ओलीस धरलेली माणसे, शस्त्र घेऊन घरात दडून बसलेला आरोपी, अतिधोक्याचे वॉरंट अशा प्रसंगी ते बोलावले जाते. त्यात केवळ दार फोडून आत शिरणारे नसतात. दुरून निरीक्षण करणारे नेमबाज, जखमींवर जागीच उपचार करणारे वैद्यकीय साहाय्यक, आणि फोनवर तासन्‌तास बोलत राहून माणसाला बाहेर येण्यास राजी करणारे वाटाघाटी अधिकारी त्यांच्याबरोबर असतात. पथकाची खरी योग्यता या शेवटच्या गटावरून जोखावी, असे माझे मत आहे. गोळी न झाडता संपलेल्या प्रसंगाची बातमी क्वचितच होते, परंतु पथक पुष्कळदा त्यासाठीच उभे केलेले असते.

मात्र विशेष पथक आहे म्हणून बाकीच्यांनी त्याची वाट पाहत थांबावे, ही समजूत किती महाग पडते हे कोलोरॅडोतील जेफरसन काउंटीने दाखवले. २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार सुरू केला. पहिले अधिकारी काही मिनिटांत पोहोचले, शाळेवर नेमलेल्या डेप्युटीची हल्लेखोराशी बाहेर गोळागोळीही झाली. पण तेव्हाच्या शिकवणीप्रमाणे त्यांनी शाळेला वेढा दिला आणि स्वॉटची वाट पाहिली. पहिली तुकडी आत शिरली तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. त्यानंतरही एकेक खोली तपासत पुढे जाण्यात वेळ गेला आणि एका जखमी शिक्षकापर्यंत मदत पोहोचायला तीन तासांहून अधिक काळ लागला. ते वाचले नाहीत. त्या दिवशी हल्लेखोरांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. यानंतर देशभरातील प्रशिक्षण बदलले : गोळीबार चालू असेल तर प्रथम पोहोचलेल्या साध्या गस्तीच्या अधिकाऱ्यानेच आत जायचे, पथकाची वाट पाहायची नाही. नियम बदलला म्हणून प्रत्येक माणूस तो पाळतोच असे नाही. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत १७ जणांची हत्या झाली, तेव्हा ब्रोवर्ड काउंटी शेरिफच्या दलातील, खास शाळेसाठी नेमलेला डेप्युटी इमारतीबाहेरच थांबला होता. त्याच्यावर खटला चालला आणि २०२३ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. मृत मुलांच्या पालकांना तो निकाल पटणे कठीण होते, आणि ते समजण्यासारखे आहे.

बॉम्बतज्ज्ञांविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील कोणत्याही शेरिफचा बॉम्बतज्ज्ञ प्रमाणित होण्यासाठी अलाबामातील हंट्सव्हिल येथे एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या शाळेत शिकून यावा लागतो. इतके कडक प्रशिक्षण असूनही १८ जुलै २०२५ रोजी लॉस एंजेलिस शेरिफच्या आग व स्फोटके तपास पथकातील तीन अनुभवी अधिकारी त्यांच्याच प्रशिक्षण केंद्रात स्फोट होऊन मृत्युमुखी पडले. आदल्या दिवशी सांता मोनिकातील एका निवासी इमारतीतून आणलेल्या हातबॉम्बशी त्या स्फोटाचा संबंध होता. आपल्या बॉम्बशोधक व नाशक पथकातील सहकाऱ्यांना हे काम काय असते, ते मी सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रश्न : माझा भाचा ह्युस्टनला नोकरी करतो. त्याला मनोविकार आहे आणि औषध सुटले की तो फार आक्रमक होतो. पोलिसांना बोलावले तर ते गोळी घालतील, या भीतीने त्याची बायको फोनच करत नाही. तिने काय करावे? (ठाणे)

उत्तर : आपल्या भाचेसुनेची भीती निराधार नाही. मनोविकाराच्या झटक्यात असलेला माणूस पोलिसांच्या गोळीने मेल्याची उदाहरणे अमेरिकेत आहेत, आणि म्हणूनच शेरिफ कार्यालयांतील गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या पथकांपैकी मला सर्वांत मोलाची वाटतात ती याच कामाची पथके.

याचा आरंभ १९८८ साली टेनेसीतील मेंफिस शहरात झाला. पोलिसांच्या गोळीने एका मनोरुग्णाचा मृत्यू झाल्यावर तेथील पोलीस, डॉक्टर, विद्यापीठ आणि रुग्णांच्या नातेवाइकांची संघटना यांनी एकत्र बसून ४० तासांचा अभ्यासक्रम तयार केला. तो घेतलेले अधिकारी अशा प्रसंगी आधी पाठवायचे, अशी ती पद्धत. पुढे शेरिफांनी आणखी एक पाऊल टाकले. लॉस एंजेलिस काउंटीत १९९३ पासून एक डेप्युटी आणि काउंटीच्या मानसिक आरोग्य विभागातील एक तज्ज्ञ एकाच गाडीतून जातात. आपला भाचा ज्या ह्युस्टनमध्ये राहतो, ते बहुतांशी हॅरिस काउंटीत येते आणि तेथील शेरिफने डेप्युटींच्या हाती टॅबलेट संगणक दिले आहेत. घटनास्थळावरूनच मानसिक आरोग्य तज्ज्ञ पडद्यावर रुग्णाशी बोलतो आणि रुग्णालय, घर की अन्य काही, याचा सल्ला डेप्युटीला देतो. भाचा ह्युस्टन शहराच्या हद्दीत राहत असेल, तर येणारे अधिकारी शहर पोलिसांचे असतील. त्यांच्याकडेही असे प्रशिक्षित अधिकारी आहेत.

आपल्या भाचेसुनेला पुढील गोष्टी जरूर कळवाव्यात. जिवाला तातडीचा धोका नसेल, पण लक्षणे वाढत असतील, तर ९८८ या क्रमांकावर फोन करावा. जुलै २०२२ पासून ही मानसिक संकटासाठीची सेवा देशभर चालू आहे. धोका असेल तर ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावरच फोन करावा, परंतु पहिल्याच वाक्यात हा वैद्यकीय, मनोविकाराचा प्रसंग आहे असे सांगून त्याचे प्रशिक्षण घेतलेला अधिकारी पाठवण्याची विनंती करावी. रोगाचे नाव, सुटलेले औषध, घरात बंदूक किंवा सुरी आहे की नाही, लहान मुले कोठे आहेत, तो इंग्रजी नीट समजू शकतो का, हे सर्व फोनवरच सांगावे. ही माहिती वायरलेसवरून निघालेल्या डेप्युटीपर्यंत पोहोचते आणि तो गाडीतून उतरण्यापूर्वीच त्याचे वागणे तीवर ठरते. तज्ज्ञांचे पथक चोवीस तास उपलब्ध असेलच असे नाही, म्हणून भाचा बरा असताना, शांत दिवशी, त्यांच्या पत्त्यावर कोणते दल येते आणि त्याच्याकडे अशी सोय कोणत्या वेळेत असते, हे साध्या चौकशीच्या क्रमांकावर फोन करून विचारून ठेवावे. झटका आला असताना हे विचारण्याची उसंत कोणालाच मिळत नाही.

अशा रुग्णांचा प्रवास पुष्कळदा इस्पितळाऐवजी तुरुंगात संपतो, हे त्या देशाचे मोठे दुःख आहे. काउंटीच्या तुरुंगात मुख्यतः खटल्याची वाट पाहणारे कच्चे कैदी आणि अल्प मुदतीची शिक्षा झालेले कैदी असतात, आणि त्यांत मनोरुग्णांचे प्रमाण बरेच असते. शिकागोच्या कुक काउंटीतील शेरिफ टॉम डार्ट यांनी २०१५ साली आपल्या प्रचंड तुरुंगाच्या प्रमुखपदी एका मानसशास्त्रज्ञ महिलेची नेमणूक केली, ती हे वास्तव मान्य करूनच.

प्रश्न : माझ्या मुलीने कॅलिफोर्नियात पतीविरुद्ध न्यायालयातून संरक्षण आदेश मिळवला आहे. तो त्याच्या हातात तिनेच नेऊन द्यायचा काय? वकिलाची फी आता परवडत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : नाही, तिने स्वतः मुळीच देऊ नये, कायद्यालाही ते चालत नाही. शेरिफच्या कार्यालयात दिवाणी बजावणीचा विभाग असतो. आपल्याकडे बेलिफ जे काम करतात तेच तिकडे गणवेशातील डेप्युटी करतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या संरक्षण आदेशाची बजावणी शेरिफकडून विनामूल्य होते. तिने आदेशाच्या प्रती आणि पती घरी किंवा कामावर केव्हा सापडेल याची माहिती त्या विभागाकडे द्यावी, बजावणीचा दाखला परत मिळाला की तो न्यायालयात दाखल झाल्याची खात्री करून घ्यावी आणि आदेशाची एक प्रत सदैव जवळ ठेवावी. पती आदेश मोडून दारात आला तर दिवाणी विभागाला नव्हे, ९११ ला फोन करावा.

हाच विभाग न्यायालयाच्या हुकमावरून भाडेकरूंना घराबाहेर काढण्याचे कठोर कामही करतो. ऑक्टोबर २००८ मध्ये, घरकर्जे बुडून हजारो घरे बँकांच्या ताब्यात जात असताना, वर उल्लेख केलेल्या टॉम डार्ट यांनी जप्त घरांतील भाडेकरूंना बाहेर काढण्याचे काम आपले डेप्युटी करणार नाहीत, असे जाहीर केले. नियमित भाडे भरणाऱ्या कुटुंबांना घरमालकाचे कर्ज थकल्याची कल्पनाही नसे आणि एके दिवशी सामान रस्त्यावर येई. बँकांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. निवडून आलेल्या पदाचा असाही उपयोग होऊ शकतो.

प्रश्न : मुलगा ओहायोत शिकतो. महामार्गावर गाडी थांबवून पोलीस कुत्रा मागवतात, असे त्याने ऐकले आहे. तेवढा वेळ थांबावेच लागते का? (सोलापूर)

उत्तर : वेगमर्यादा मोडल्याची पावती देण्यासारखे काम पूर्ण झाल्यावर, वाजवी संशय नसताना केवळ कुत्रा येईपर्यंत गाडी अडवून ठेवणे हे घटनाबाह्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रोड्रिग्झ खटल्यात दिला. थांबवण्याचे मूळ काम चालू असतानाच कुत्र्याने गाडीभोवती वास घेतला, तर मात्र त्याला हरकत घेता येत नाही. मुलाने रस्त्यावर वाद घालू नये; हात दिसतील असे ठेवावेत, झडतीला आपली संमती नाही एवढे शांतपणे सांगावे आणि पुढचा वाद न्यायालयावर सोडावा.

प्रश्न : आम्ही सह्याद्रीत भटकणारी मंडळी. शेरिफच्या गिर्यारोहण बचाव पथकात साधे नागरिक असतात, हे खरे काय? (लोणावळा)

उत्तर : अगदी खरे आहे, आणि लोणावळ्याच्या वाचकाने हा प्रश्न विचारावा याचा मला विशेष आनंद आहे, कारण शिवदुर्ग मित्रसारखी संस्था दरीत पडलेल्यांसाठी दोर घेऊन रात्री-अपरात्री निघते ती आपल्याच गावातून.

कॅलिफोर्नियात डोंगरात हरवलेल्या माणसाचा शोध घेण्याची जबाबदारी काउंटीच्या शेरिफवर असते, परंतु प्रत्यक्ष चढाई करणारे बहुसंख्य लोक स्वयंसेवक असतात. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सॅन गॅब्रिएल पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सिएरा माद्रे गावाचे पथक १९५१ पासून काम करते. शिक्षक, अभियंते, दुकानदार असे लोक आपला व्यवसाय सांभाळून दीर्घ प्रशिक्षण घेतात आणि हाक आली की निघतात. शेरिफचे हेलिकॉप्टर, त्यातील वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेले डेप्युटी, संपर्क यंत्रणा आणि हे स्वयंसेवक एकाच हुकमाखाली काम करतात. नोंदणीकृत स्वयंसेवकाला कामावर असताना इजा झाली, तर राज्याच्या आपत्ती सेवक योजनेतून नुकसानभरपाई मिळते. आपल्याकडे २००५ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे, पण दोर धरणाऱ्या पोराच्या पाठीमागे अशी पक्की तरतूद उभी राहिलेली मला दिसत नाही. तिकडच्या हेलिकॉप्टरांचा हेवा वाटून घेण्यापेक्षा या एका तरतुदीसाठी आपण आग्रह धरावा, असे मनापासून वाटते.

पूर्वेकडची सॅन बर्नार्डिनो काउंटी सुमारे ५२,००० चौरस किलोमीटरची आहे. महाराष्ट्रातील सर्वांत मोठा अहिल्यानगर जिल्हा त्यात तीनदा मावेल. वाळवंट आणि हिमशिखरे दोन्ही एका शेरिफच्या अखत्यारीत येतात. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटिश अभिनेते ज्युलियन सँड्स तेथील ३,०६८ मीटर उंचीच्या माउंट बाल्डीवर एकटे गेले आणि परतले नाहीत. हिमप्रपाताच्या धोक्यामुळे पायी शोध थांबवावा लागला, हवामान जमेल तसा हेलिकॉप्टर व ड्रोनमधून तो चालू राहिला, आणि बर्फ वितळल्यावर जूनमध्ये भटक्यांना त्यांचे अवशेष सापडले. अशा वेळी थांबण्याचा निर्णय घेणे हे पथकप्रमुखाचे सर्वांत अवघड काम असते, हे आपण जाणताच.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी व्हिसावर कॅलिफोर्नियात राहतो. शेरिफ आमची कागदपत्रे तपासू शकतो का? आणि ही सारी पथके, चिलखती गाड्या, ड्रोन यांवर आम्ही मतदार नसताना प्रश्न विचारू शकतो का? (अलामीडा काउंटी)

उत्तर : १९९६ च्या एका संघराज्य कायद्याने शेरिफला केंद्राशी करार करून काही डेप्युटींना परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याचे अधिकार मिळवून देता येतात, आणि काही राज्यांत असे करार पुष्कळ आहेत. कॅलिफोर्नियात मात्र २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने त्यांना मनाई केली आहे. आपली कागदपत्रे वैध असली तरी ती नेहमीच बरोबर बाळगावीत, दुसऱ्या राज्यात प्रवास करताना तर विशेषच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. सत्ता हाती असलेले पद लोकांनी निवडलेले असले, तरी त्यावर डोळा ठेवावाच लागतो. लॉस एंजेलिसचे शेरिफ ली बाका १९९८ पासून सतत निवडून येत राहिले. त्यांच्या तुरुंगातील मारहाणीची चौकशी एफबीआयने सुरू केली तेव्हा त्यांनी तीत अडथळा आणला आणि २०१७ मध्ये त्यांना तीन वर्षांची कैद झाली. कॅलिफोर्नियाने २०२१ साली केलेल्या कायद्याप्रमाणे चिलखती वाहने, ड्रोन, यंत्रमानव, अश्रुधुराची व आवाजाची हत्यारे यांसारख्या लष्करी धर्तीच्या साधनांसाठी शेरिफला काउंटीचा कारभार पाहणाऱ्या, निवडून आलेल्या पर्यवेक्षक मंडळाची जाहीर सभेत मंजुरी घ्यावी लागते. कोणते साधन कितीदा वापरले, त्यावर किती खर्च झाला आणि लोकांच्या तक्रारी काय होत्या, याचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करून त्यावर नागरिकांची बैठक घ्यावी लागते. पर्यवेक्षक मंडळाच्या सभांना राज्याचा १९५३ चा खुल्या सभांचा कायदा लागू होतो. त्यानुसार कोणीही व्यक्ती हजर राहू शकते आणि विषयपत्रिकेवरील बाबीवर बोलू शकते. नागरिकत्व किंवा मताधिकार विचारला जात नाही, आणि हजेरीसाठी नाव लिहून देण्याची सक्तीही करता येत नाही. सभेची विषयपत्रिका नियमित सभेच्या किमान ७२ तास आधी लावली जाते. आपल्या काउंटीच्या संकेतस्थळावर ती पाहावी, अहवाल आधी वाचावा आणि एखाद्या साधनाचे नाव घेऊन नेमका प्रश्न विचारावा.